मागच्याचा ब्रेक

"अहो मॅडम, एवढ्या पटकन थांबता कशाला?"

तो माणूस ओरडला नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. मीही दोन शब्द सुनावले असते आणि पुढच्या सिग्नलपर्यंत विषय संपला असता. सकाळची शाळांची वेळ होती, पाषाणहून बाणेरकडे जाणारा रस्ता. दुभाजकाच्या फटीतून एक आजोबा हातात दुधाची पिशवी घेऊन थेट माझ्या बॉनेटसमोर उतरले. पाय पेडलवर गेला, पट्टा छातीत रुतला, गाडीचं नाक खाली बसलं आणि आजोबांच्या चांगली दीड गाडी अलीकडे मी उभी. आजोबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मग मागून टायर घासल्याचा तो लांबट, कर्कश आवाज आला. आरशात एक स्कूटर आडवी होत होत थांबली. मागे सात-आठ वर्षांची मुलगी, पाठीवर दप्तर, दोन्ही हातांनी बाबांच्या शर्टाला गच्च धरलेली. माझ्या बंपरपासून हातभर अंतर. कुणाला काही झालं नाही. मी काच खाली केली, त्यानं ते वाक्य म्हटलं, मुलीचं दप्तर सरळ केलं आणि गेला. त्या वाक्यात राग नव्हता, खरोखरचा प्रश्न होता. गाडी लवकर थांबावी म्हणून मी गेलं वर्षभर पैसे, रविवार आणि घरच्यांची शांतता खर्च करत होते. आणि कुणीतरी मला विचारत होतं, कशाला?

गाडी पोलो जीटी टीएसआय. आमच्या चाकणला बनलेली, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. ही गाडी ज्यांनी चालवली आहे त्यांना तिच्याबद्दल काही सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही. तिचे ब्रेक पुढे डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात, आणि मागे ड्रम, म्हणजे फिरणारा डबा, ज्याला आतून शू दाबतात. शहरात, हायवेवर, अगदी ताम्हिणीतही याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली कोईमतूरला.

चेट्टीपाळयमचा करी मोटर स्पीडवे. शर्यतपटू एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा. टीव्हीवर फॉर्म्युला वन पाहिलेल्या माणसाला तो पहिल्यांदा पाहताना थोडा हिरमोडच होतो. आजूबाजूला माळरान, नारळ, लांबवर पश्चिम घाटाची निळसर रेघ. पण लहान ट्रॅक ब्रेकला मोठ्या ट्रॅकपेक्षा जास्त छळतो. वळणं एकमेकांना चिकटलेली असतात, मध्ये डिस्कला वारा खायला फुरसतच मिळत नाही. ट्रॅक डेला आपापल्या गाड्या घेऊन आलेले लोक: कुणाची ऑक्टाव्हिया, कुणाची जुनी बलेनो, कुणाची कर्ज फिटायचं असलेली बीएमडब्ल्यू. हेल्मेटच्या आत घाम डोळ्यात उतरत असतो, एसी बंद, काचा उघड्या. पहिल्या काही फेऱ्यांत पोलो इतकी गोड वागली की मी हेल्मेटमध्ये एकटीच हसत होते. मग सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही. मऊ झालं होतं. अजून दाबलं, अजून खाली गेलं. गाडी थांबली, पण तिनं ठरवलं तेव्हा. वळण चुकवून बाहेरच्या मोकळ्या मातीत दोन चाकं घालून मी परत आले. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, पुढच्या चाकांतून धूर निघत होता आणि वास... ज्यांनी खंबाटकी उतरल्यावर कडेला उभे केलेले ट्रक पाहिलेत त्यांना तो वास माहीत आहे. एक जण धावत येऊन म्हणाला, "हँडब्रेक लावू नका!" तापलेल्या ड्रमवर शू आवळून ठेवायचे नसतात, हे मला तेव्हा कळलं. चाकामागे दगड लावून आम्ही सगळे नुसते बघत उभे राहिलो.

हा सगळा खेळ उष्णतेचा. ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो, पण तो करतो ते एवढंच की गाडीच्या वेगातली ऊर्जा लोखंडात ओततो आणि लोखंड ती हवेला देतं. गाडी आणि मी मिळून बाराशे किलो धरा. ताशी १५० वरून ७० वर यायचं म्हणजे सुमारे आठ लाख ज्यूल उष्णता. अडीच लिटर गार पाणी गॅसवर ठेवून उकळी आणायला जेवढी लागते तेवढी, आणि ती अडीच-तीन सेकंदांत. यातला सत्तर टक्के वाटा तरी पुढच्या दोन चाकांचा, कारण ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. पाच-सहा किलोची बिडाची डिस्क एका ब्रेकमध्ये शंभरेक अंशांनी तापते. ती निवायच्या आत पुढचं वळण. मग त्याच्या पुढचं. आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे आपण नववीत शिकलो आणि लायसन्स मिळाल्याच्या दिवशी विसरलो. मागच्या ड्रमचं दुखणं आणखी वेगळं. तापला की ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो, आणि तेवढा पेडलचा प्रवास वाढतो. डिस्क तापून फुगते ती पॅडकडे. १९५३ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत जग्वारनं डिस्क ब्रेक लावून जिंकली, त्यामागे हा साधा फरक होता. इतर गाड्यांना दमलेले ड्रम सांभाळत आधीपासून वेग कमी करावा लागे. जग्वारवाले उशिरापर्यंत पळत राहत.

माझं पेडल मात्र पॅडमुळे नाही, ब्रेक ऑईलमुळे बसलं होतं.

ब्रेक ऑईलला आपल्याकडे कुणी मान देत नाही. इंजिन ऑईलच्या ब्रँडवरून भांडणारी माणसं ब्रेक ऑईल कोणतं घातलंय हे सांगू शकत नाहीत. त्याच्या रंगाकडेही पाहत नाहीत. हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ (हा ब्रेक ऑईलचा दर्जा) कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. पुण्यातले दोन पावसाळे खाल्लेल्या गाडीत हे घडायला कुणाची चूक लागत नाही. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड आवळणाऱ्या पकडीत, ऑईल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय जो दाब देतो तो चाकापर्यंत पोचतच नाही, बुडबुडे आवळण्यात जातो. गंमत म्हणजे गाडी पिटमध्ये येऊन थांबली की हे आणखी बिघडतं. वारा थांबतो आणि डिस्कमधली सगळी धग निवांतपणे कॅलिपरकडे सरकते.

परत आल्यावर पहिलं काम ऑईल बदलण्याचं. मोतुलचं आरबीएफ ६००, नवं असताना ३१२ अंशांना उकळणारं, पाणी मुरल्यावरही दोनशेच्या वर टिकणारं. भोसरीतल्या एका गल्लीत माझे मिस्त्री आहेत. साठीचे, बुटके, कानाला कायम पेन्सिल. त्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली, किंमत विचारली आणि ऐकल्यावर ती दोन्ही हातांनी धरली. एअर काढायचं काम दोघांचं असतं. मी आत बसून पेडल मारायचं, ते चाकापाशी पाना आणि पारदर्शक नळी घेऊन. "मार. मार. मार. धर!" मग निपल ढिलं होतं, पेडल पायाखालून जमिनीपर्यंत जातं, आणि "सोडू नको!" हा हुकूम. निपल बंद. "आता सोड." मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून पुढच्या उजव्यावर शेवट. नळीतून आधी चहाच्या रंगाचं जुनं ऑईल आलं, मग त्यात बारीक बुडबुडे, मग स्वच्छ, फिकट सोनेरी. तासभर एका माणसाचा चेहरा न बघता फक्त त्याच्या आवाजावर पाय हलवत राहायचं, यात एक विलक्षण विश्वासाचं नातं आहे. नवरा-बायकोनं एकदा तरी हे करून पाहावं. आमच्याकडे एकदा केलं. पुन्हा मिस्त्रींकडेच गेले.

ऑईल बदलल्यावर थांबायला हवं होतं असं माझ्या आईचं मत. पण हा नाद असा सुटत नाही. मग स्टीलच्या जाळीचे होज आले, म्हणजे चाकांपर्यंत ब्रेक ऑईल नेणाऱ्या नळ्या. रबरी होज दाब वाढला की किंचित फुगतो, हे फुगत नाहीत, त्यामुळे पेडल ताठ लागतं. मग पॅड. नाना पेठेत फिरताना एका दुकानदारानं मला लाल रंगाची प्लास्टिकची कव्हरं दाखवली, वर परदेशी कंपनीचं नाव. कॅलिपरवर बसवायची, म्हणजे लांबून शर्यतीच्या गाडीचे ब्रेक वाटतात. जिथून उष्णता बाहेर पडायची तिथे तिला गोधडी घालण्याचा हा प्रकार. पण खप चांगला आहे म्हणाला. मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवून देतो म्हणणारेही भेटले. मागच्या चाकांच्या वाट्याला जेमतेम पाव काम येतं. तिथे एवढा खर्च करून पुढच्या-मागच्याचा कंपनीनं जुळवलेला तोल बिघडवण्याचं कारण मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. दिसायला छान दिसतं, हे मान्य.

पॅडचं दुःख मात्र खरं आहे आणि त्याला उपाय नाही. जो पॅड तापल्यावर धरतो, तो थंड असताना धरत नाही. निव्वळ शर्यतीचे पॅड थोडे तापल्याशिवाय कामालाच लागत नाहीत. सकाळी सोसायटीच्या उतारावरून खाली येताना, पहिल्याच वळणावर वॉचमनची खुर्ची असते आणि पॅड असतात बाहेरच्या हवेइतके गार. उलट कंपनीचे पॅड पहिल्या दाबाला मऊसूत लागतात, आवाज नाही, धूळ नाही, पण ट्रॅकवर त्यातला राळेचा अंश जळून पॅड आणि डिस्कच्या मध्ये वायूचा पडदा धरतो आणि पेडल टणक असूनही गाडी पुढेच जाते. घरी आणि ट्रॅकवर दोन्हीकडे चालतील म्हणून विकले जाणारे मधले पॅड आहेत. मी ते घेतले. ते थंड असताना बऱ्यापैकी धरतात, गरम असताना बऱ्यापैकी टिकतात आणि सगळा वेळ किंचाळतात. शिवाय चाकांवर काळी-तपकिरी पूड, जी दोन दिवस तशीच ठेवली तर अलॉयला खाते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं, "अगं, तुझ्या गाडीचे ब्रेक गेलेत. रोज सकाळी ऐकते मी. आधी दाखवून घे बाई, पैशाकडे बघू नकोस." पैशाकडे मी किती बघत नव्हते हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात हाही एक सोहळा. ताशी ऐंशीवरून वीसपर्यंत जोरात यायचं, पूर्ण न थांबता पुन्हा ऐंशी, पुन्हा वीस, वास येईपर्यंत. मग बराच वेळ ब्रेकला न शिवता गाडी फिरवून सगळं निववायचं. यानं पॅडच्या मालाचा एक पातळ थर डिस्कवर सारखा पसरतो. गरम असताना ब्रेक दाबून उभं राहिलं तर तिथेच पॅडचा ठसा उमटतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजमध्ये त्याला "डिस्क वाकली" म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, डागाळलेली असते. पुण्यात मोकळा रस्ता मिळायचा म्हणजे पहाट. एमआयडीसीतल्या एका सरळ रस्त्यावर मी हे करत असताना गस्तीची गाडी येऊन थांबली. हवालदारांनी टॉर्च माझ्या तोंडावर, मग रिकाम्या मागच्या सीटवर मारला. "मॅडम, काय प्रॉब्लेम आहे? सारखं पळताय, सारखं थांबताय." ब्रेक सेट करतेय म्हटल्यावर त्यांनी थोडा विचार केला. "दिवसा करत जा," म्हणाले. दिवसा केलं असतं तर काय झालं असतं ते मला नंतर पाषाणला कळलं.

आता जी गोष्ट विकणारे सांगत नाहीत ती. या सगळ्यानं माझी गाडी पहिल्या दाबाला पूर्वीपेक्षा कमी अंतरात थांबते का? जवळजवळ नाही. कंपनीच्या ब्रेकनंही एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, मी एका पायानं फडफडवू शकत होतेच. एबीएस फडफडला म्हणजे टायर आपल्या पकडीच्या टोकाला पोचला. त्यापुढे मोठी डिस्क लावा, चार पिस्टनचा कॅलिपर लावा, टायरच्या तळव्याएवढ्या चार ठिगळांपलीकडे कुणाचं काही चालत नाही. थांबायचं अंतर कमी करायचं असेल तर पहिले पैसे टायरवर घालावेत. ब्रेकवर घातलेले पैसे पहिल्या वेळेसाठी नसतात, दहाव्या वेळेसाठी असतात. दहाव्या वळणावरही पेडल त्याच जागी, तेवढंच ताठ मिळावं म्हणून. फरक पडतो तो पायाला. पायाला खात्री वाटते, तो कचरत नाही, पहिल्या क्षणातच पूर्ण दाबतो. पाषाणला मी लवकर थांबले ती त्यामुळे. लोखंडामुळे कमी, खात्रीमुळे जास्त.

आणि ती खात्री मागच्या माणसाला दिसत नाही.

माझे मामा ट्रकवर होते. सुट्टीत एकदा त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं होतं, वाईहून साताऱ्याच्याही पुढे. त्यांच्या ब्रेकचा मला आठवतो तो आवाज, हवेचा फुसकारा, आणि त्यांचा पाय, जो उतारावर ब्रेकवर जवळजवळ नसायचाच. "ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर," हे वाक्य मी नंतर शंभर जणांकडून ऐकलं, पण पहिल्यांदा मामांकडून. इंजिन भुंकत असायचं, मागून येणारे हॉर्न मारायचे, मामा ढिम्म. पण मला आता जास्त आठवतो तो त्यांचा आरसा. ब्रेक मारायच्या आधी त्यांची नजर न चुकता आरशाकडे जायची, पुढे नाही. मी विचारलं तर म्हणाले होते, "पुढच्याचं मला दिसतंय. मागच्याचं काय चाललंय ते बघायला नको?" आता पोलोच्या डीएसजीला डी मध्ये सोडलं की ती उतारावर पेट्रोल वाचवायला वरचा गिअर घेत सुटते. घाटात तिला हातानं खालच्या गिअरमध्ये धरून ठेवताना मला मामांची चिडचिड कळते. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेल्या अवजड गाड्यांनी नवले पुलावर काय केलंय ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका रात्री एका अवजड गाडीच्या वाटेत कितीतरी गाड्या आल्या. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की तेव्हापासून माझी नजर आपोआप आरशाकडे जाते. त्या उतारावर माझे ब्रेक किती चांगले आहेत याला काडीचाही अर्थ नसतो. तिथे थांबणारी मीच पहिली असणार, आणि पहिल्यांदा थांबणं ही तिथली सगळ्यात वाईट जागा.

ल माँची दुसरी गोष्ट मी बरेच दिवस टाळत होते. जग्वारच्या विजयानंतर दोनच वर्षांनी, ११ जून १९५५. शर्यत सुरू होऊन अडीच तास झालेले. माइक हॉथॉर्न जग्वार डी-टाइपमध्ये, चारही चाकांना डिस्क. त्यानं लान्स मॅक्लिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकलं आणि लगेच पिटमध्ये शिरायला ब्रेक मारला. तेव्हा पिट आणि ट्रॅक यांच्यात भिंत नव्हती, सगळं एकाच पट्ट्यावर. मागच्या मॅक्लिननं ब्रेक मारला, गाडी डावीकडे काढली. त्याच्या मागून पिअर लव्हेगची मर्सिडीज ३०० एसएलआर येत होती. मर्सिडीजनं त्या गाडीला डिस्क दिल्या नव्हत्या. ड्रमच होते, आणि त्यांची कमतरता भरून काढायला ड्रायव्हरच्या मागे उचलला जाणारा एक मोठा पत्रा होता, विमानासारखा हवेनं अडवणारा. लव्हेगला वेळच मिळाला नाही. मर्सिडीज हीलीवर चढली, उडाली आणि प्रेक्षकांत गेली. ऐंशीहून जास्त माणसं गेली, लव्हेगही. चौकशीत कुणा एका ड्रायव्हरला दोषी धरलं गेलं नाही, ठपका ट्रॅकच्या रचनेवर आला. दोष कुणाचा हा वाद अजून चालू आहे आणि त्यात पडायची माझी लायकी नाही. मॅक्लिनच्या गाडीलाही डिस्कच होत्या, त्यामुळे "चांगला ब्रेक विरुद्ध वाईट ब्रेक" एवढं ते सरळ नाहीच. पण एक गोष्ट मला सोडत नाही. त्या दोन वर्षांत काही गाड्या थांबायला शिकल्या होत्या आणि काही नव्हत्या, आणि सगळ्या एकाच रस्त्यावर, एकामागे एक होत्या.

आपला रोजचा रस्ता याहून वेगळा कुठे आहे? नव्या मोटारींना एबीएस सक्तीचा होऊन बरीच वर्षं झाली. १२५ सीसीच्या आतल्या असंख्य स्कूटरींना मात्र पुढे-मागे ड्रम आणि दोन्ही ब्रेक एकदम लावणारी एक तार, एवढंच. त्यांच्या मागे वीटभट्टीचा टेम्पो, ज्याचे लायनर शेवटचे कधी बदलले हे त्याच्या मालकालाही आठवत नाही. ताशी साठनं जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर कापते. माझा लाल दिवा लागला हे मागच्याला कळेपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. मी वाचवलेले मीटर कुठून तरी आलेले असतात. मी आधी थांबले म्हणजे मागच्याला कमी रस्ता मिळाला, इतकं सरळ गणित. माझं अंतर मी पैसे देऊन कमी केलं, त्याचं मात्र त्याला न विचारता.

म्युनिकमध्ये १९८०च्या दशकात टॅक्सींवर एक प्रयोग झाला होता. त्यातल्या काही टॅक्सींना एबीएस, बाकीच्या तशाच. एबीएसवाल्यांचे अपघात कमी होतील असं वाटलं होतं, तसे ते झाले नाहीत. त्या ड्रायव्हरांनी मिळालेली सवलत वापरून टाकली: कुठे जास्त वेग, कुठे वळणं आणखी जोरात. मला या टॅक्सीवाल्यांना हसता येत नाही. ट्रॅकवर तर आम्ही हेच शिकायला पैसे भरतो. तिथे ब्रेकचा प्रत्येक वाचलेला मीटर वापरून टाकायचा असतो. वळणाआधीच्या १०० मीटरच्या पाटीला ब्रेक मारत होतीस ना, आता ७५ वर मार, मग ६० वर. हाताशी राखून ठेवलेला मीटर म्हणजे वाया गेलेला मीटर. रस्त्यावर नेमकं उलटं. तिथे तो मीटर कधीच वापरायचा नसतो, आणि कुणाला तरी द्यायचा असतो. ट्रॅकवर ब्रेकची ताकद सुरुवातीलाच सगळी, मग वळणात शिरता शिरता पाय अलगद सोडत जायचा. रस्त्यावर आधी नुसता स्पर्श, दिवा लागण्यापुरता, मग हळूहळू वाढवायचा. दोन्ही कामं एकाच पायाची, त्याच पेडलवर, आणि पाय काही बूट बदलून आत्मा बदलत नाही. (विम्याच्या कंपनीला मात्र हा फरक अचूक कळतो. शर्यत आणि वेगाची चाचणी त्यांच्या कागदावर आधीच वगळलेली असते.)

पाषाणच्या प्रसंगात मी वेगळं काही करू शकले नसते, आजोबा समोर होते. हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे आणि ते खरंही आहे. पण समोर कुणी नसतानाही, सिग्नल पिवळा झाल्यावर, खड्डा दिसल्यावर, मी तशीच थांबत होते की नाही? त्या ताठ पेडलची चव लागली होती. थांबण्यातही मजा येऊ शकते हे मला पहिल्यांदा कळलं होतं आणि मी ती जिथे तिथे घेत होते. तो माणूस कदाचित दोन किलोमीटर माझ्या मागे होता. त्याचा प्रश्न त्या एका ब्रेकबद्दल नसावाच.

मिस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पॅड काढले, कड्यांना पान्यानं टोकरून पाहिलं, माल अजून अर्धा आहे म्हणाले. मग आता पॅडचे दोन संच झाले आहेत. शहरासाठी कंपनीचे, कोईमतूरला जायच्या आदल्या आठवड्यात दुसरे. बदलायला अर्धा तास लागतो आणि काकूंना वाटतं मी अखेर त्यांचं ऐकलं. ऑईल मात्र तेच महागाचं, वर्षातून एकदा. त्यावर वाद नाही, ते कुणाच्याही अंगावर जात नाही.

आमच्या ट्रॅकवरच्या मंडळींतल्या एका मित्राला हा सगळा प्रकार भाबडेपणा वाटतो. त्याचं म्हणणं, मागच्यानं अंतर ठेवावं, कायदा त्याच्याकडे बोट दाखवतो, आपण आपली गाडी थांबवावी. तो चूक नाही. तो आणखी एक सांगतो, की माझा पाय बिघडला. गेल्या खेपेला तो माझ्या शेजारी बसला होता. सरळ पट्ट्याच्या शेवटी, १०० च्या पाटीच्याही अलीकडे, मी ब्रेकला नुसता पाय लावते, पुसटसा, आणि डोळे क्षणभर आरशाकडे. मग खरा ब्रेक. "मागे कोण आहे?" त्यानं हेल्मेटमधून ओरडून विचारलं. मागे कुणीच नव्हतं. लॅप टाइम सेकंदभरानं घसरला आहे आणि त्याचा माझ्यापेक्षा चांगला आहे, हे तो येताना सेलमपर्यंत सांगत होता.